पेन्सिलीतला शेरा

सोमवार, ७ फेब्रुवारी १९८३

आज नव्या नोकरीचा पहिला दिवस. मिलच्या संपाला तेरावा महिना लागलाय आणि तो कधी मिटणार हे विचारणं मी सोडून दिलंय. सुगंधा दिवसभर लोकांचे ब्लाउज शिवते आणि मी कॉटवर बसून तिच्या मशीनची खडखड ऐकतो. याला जगणं म्हणत असतील तर म्हणोत बापडे. शेवटी मुलुंडहून घाटकोपर आणि तिथून बसने अंधेरी हा द्राविडी प्राणायाम पत्करला.

कचेरी म्हणजे एका जुन्या बंगल्याचा तळमजला. दोन टेबलं, तीन कपाटं, एक टाइपरायटर. संस्था परदेशातली, मुख्य कचेरी जिनिव्हाला. लढाया आणि फाळण्यांमध्ये ज्यांची ताटातूट झाली त्यांना शोधायचं, एकमेकांची खुशाली कळवायची, असं काम. इथल्या प्रमुख मॉनिका मिस्किटा, मरोळच्या जुन्या गावठाणातल्या, पन्नाशी उलटलेल्या. फ्रॉक घालतात आणि शिव्या अस्सल मराठीत देतात. मला पहिल्या दहा मिनिटांत अरे-तुरे करून मोकळ्या झाल्या.

सध्या बहुतेक फॉर्म एकाच जातीचे आहेत. अकरा वर्षांपूर्वी पाकिस्तान तुटलं, पूर्वेकडचा तुकडा बांगलादेश झाला. फाळणीच्या वेळी बिहारमधून तिकडे गेलेले उर्दू बोलणारे लोक तिथेच अडकले. नव्या देशाला ते नकोत आणि उरलेल्या पाकिस्तानला सगळे नकोत. लाखो माणसं छावण्यांतून बसलीत. मी म्हटलं, "बाई, आमच्या संपासारखंच झालं की. मालक आत घेत नाही आणि गाववाला म्हणतो तू मुंबईचा."

"तुमच्या संपाला वर्ष झालं रे," मॉनिकाबाई म्हणाल्या, "त्यांची पोरं तिथेच जन्मून शाळेत गेली."

गुरुवार, १० फेब्रुवारी

फॉर्मला एक्केचाळीस रकाने आहेत. शेवटचा शेऱ्याचा. तो बघून बरं वाटलं. एकोणीस वर्षं मी मिलमध्ये हजेरीचं मस्टर लिहिलं, त्यालाही शेवटी शेऱ्याचा रकाना होता.

मॉनिकाबाईंनी नियम समजावले. पाकिस्तान घेतं ते ठरावीक लोकांना. तुटण्याआधी जे केंद्र सरकारच्या नोकरीत होते ते, त्यांच्या विधवा, त्यांची मुलं. पोस्ट, तार खातं वगैरे चालतं. बाकीच्यांनी वाट बघायची. इकडे हिंदुस्थानात कोणी नातेवाईक असला तर त्याच्याकडून कैफियत लिहून घ्यायची की होय, ही बाई अमक्याची विधवा. ती जिनिव्हाला जाते, तिथून यादीत नाव पक्कं होतं, आणि मग कधीतरी विमान.

संध्याकाळी बाबांची आठवण झाली. बाबांचं नाव दशरथ, पण मिलच्या तिकिटावर, म्हणजे कामावरच्या बिल्ल्यावर, राजाराम. राजाराम म्हणजे त्यांचा चुलत भाऊ. तो छातीच्या आजाराने गेला तेव्हा जॉबरने, म्हणजे गडी भरणाऱ्या मुकादमाने, सांगितलं, तिकीट फुकट घालवू नकोस, उद्यापासून तू राजाराम. बाबा एकतीस वर्षं राजाराम राहिले. ते गेले तेव्हा खात्याच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, राजाराम यांचे दुःखद निधन. आई ते वाचून म्हणाली, "अगो बाई, ह्यो पुन्हा मेलो?"

मला टाइमकीपरचं काम शिकवलं विद्याधर मास्तरांनी. ते बाबांच्या नावापुढे शेऱ्यात एक बारीकसा 'ब' काढत. ब म्हणजे बदली. गणपतीला, भातकापणीला गडी गावी गेला की त्याचा भाऊ किंवा मेहुणा त्याच्या तिकिटावर उभा राही. त्या 'ब'मुळे पगाराच्या दिवशी खिडकीवर नेमका ज्याने घाम गाळला तोच उभा राहायचा. त्या एका अक्षरावर आम्ही वाढलो. पुढे मीही शेकडो 'ब' काढले. एकाचंही वाईट झालं नाही.

शुक्रवार, २५ फेब्रुवारी

आज अब्दुल हलीम नावाचा माणूस आला. साकीनाक्याला एका गाळ्यात लेथ मशीन चालवतो. पंचेचाळिशीचा असेल, बोटं तेलाने काळी. पूर्वी पूर्व पाकिस्तानात सैदपूरला रेल्वेच्या कारखान्यात होता. भावजय जुबैदा आणि तिची मुलगी रुखसार ढाक्याच्या छावणीत आहेत. भाऊ हबीब तार खात्यात होता, बहात्तरमध्ये मारला गेला. म्हणजे भावजय नियमात चपखल बसते. हलीमची कैफियत मिळाली की काम फत्ते.

मी मिलवाला आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. "तो आप मशीनवाले आदमी हैं, बाबूजी." मी म्हटलं, मशीनवाला नाही, मशीनवाल्यांची हजेरी घेणारा. तो हसला. मला हा माणूस आवडला.

शुक्रवार, ४ मार्च

घरी जाताना साकीनाक्याला उतरलो. हलीमने बोलावलं होतं. गाळ्याबाहेर बाकड्यावर चहा प्यायलो. आतून लोखंडाचा कीस उडत होता आणि सगळ्या गल्लीला जळक्या तेलाचा वास. मी त्याला बाबांची गोष्ट सांगितली, राजारामची. त्याने कप बाकड्यावर ठेवला. मग बोलला.

जुबैदा भावजय आता नाहीच. ती बहात्तर सालीच छावणीत तापाने गेली. तिला मूलबाळ नव्हतं. छावणीत आहे ती हलीमची बायको मेहरुन्निसा, आणि रुखसार हलीमची मुलगी. तो भावाच्या शोधात ढाक्याला गेला तेव्हा मुलगी वर्षाची होती. परतायचा रस्ता बंद झाला, लोकांनी सांगितलं मायलेकी मेल्या. मग सीमा ओलांडून आजोबांच्या गावी पूर्णियाला, तिथून मुंबई. सात वर्षांनी कळलं की जिवंत आहेत, ढाक्याच्या छावणीत पोचल्यात. रेल्वे तिकडे प्रांताच्या सरकारची, केंद्राची नाही, म्हणून रेल्वेच्या कामगाराच्या बायकोला यादीत जागा नव्हती, तारवाल्याच्या विधवेला होती. जुबैदाचं रेशनकार्ड मेहरुन्निसाने घेतलं आणि तिच्या नावावर अकरा वर्षं तांदूळ उचलला.

"मेरी बीवी मेरी भाभी बन गई," तो म्हणाला. "कराची पहुँच जाए, बस. उसका भाई है वहाँ. बाद का बाद में."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, हलीमभाई, काळजी करू नका, हे तर आमचंच झालं. बदली.

बुधवार, ३० मार्च

आज हलीमची कैफियत टाइप केली. चाळीस रकाने त्याने सांगितल्याप्रमाणे. शेऱ्यापाशी थांबलो आणि विचार केला. आत्ता ती जुबैदा म्हणून गेली आणि उद्या हलीम कराचीत जाऊन म्हणाला की ही माझी बायको, तर कोण मानणार? कागदावर तिचा नवरा मेलेला. पगाराच्या खिडकीवर भलताच माणूस उभा राहावा तसं होईल. तेव्हा जी गोष्ट खरी आहे तिची नोंद आत्ताच, वरच्या लोकांना कळेल अशी, असलेली बरी. मी स्वच्छ इंग्रजीत टाइप केलं: बदली. कार्ड मृत भावजयीचे. प्रत्यक्ष व्यक्ती मेहरुन्निसा, निवेदकाची पत्नी, मुलगी त्याचीच. माणसं प्रामाणिक, गरजू.

शेवटचं वाक्य माझ्या पदरचं. मिलमध्ये असं लिहायची सोय नव्हती.

मॉनिकाबाईंची उद्यापासून गुड फ्रायडेची गडबड. पर्स खांद्याला लावून उभ्या उभ्या सह्या केल्या. मी म्हटलं, एकदा नजर टाका. "तुझं काम काय बघायचं रे? आरशासारखं असतं." कितीतरी दिवसांनी कोणी माझ्या कामाची तारीफ केली. सुगंधासाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन गेलो.

हलीमला शेऱ्याबद्दल सांगितलं नाही. काम झालं की आपोआप कळेल.

मंगळवार, १९ एप्रिल

छावणीतून रुखसारचा निरोप आला. आमच्या निरोपाला पंचवीस शब्दांची मर्यादा, पाकीट उघडं, वाटेत चार जण वाचतात. उर्दू मला येत नाही, हलीमने वाचून दाखवला. चाचाजान, मी सातवीत पहिली आले, अम्मीचे डोळे दुखतात, तुम्ही कसे दिसता ते लिहा.

"चाचा लिखती है," हलीम म्हणाला. "समझदार है. सही लिखती है."

त्याने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मी मनात म्हटलं, लिहू दे आणखी चार महिने चाचा. माझा शेरा पोचला की अब्बा लिहील.

मंगळवार, २१ जून

जिनिव्हाचं पत्र आलं. मॉनिकाबाई भाचीच्या घरी वसईला गेल्यात म्हणून टपाल मी फोडलं.

जुबैदा, हबीबची विधवा, आणि मुलगी रुखसार, यांची नावं यादीतून रद्द. कारण, खोटी ओळख, खुद्द नातेवाइकाच्या कैफियतीवरून उघड. रेशनकार्ड चौकशीसाठी जमा करण्याबद्दल छावणीला कळवलं आहे. आमच्या कचेरीच्या दक्षतेबद्दल आभार.

आभार मानलेत. मी ते वाक्य चार वेळा वाचलं.

शुक्रवार, २४ जून

पत्र माझ्या खणात आहे. बाई परवा परत आल्या, त्यांना दाखवलं नाही. आज हलीम येऊन गेला. "कुछ आया, बाबूजी?" मी म्हटलं, अजून नाही. रुखसारसाठी त्याने फोटो काढून आणला होता, दाढी नीट करून, कोणाचा तरी कोट घालून. मी फोटोवर क्रमांक टाकला, पोचपावती दिली. पोचपावती व्यवस्थित दिली, याची आता लाज वाटते.

कार्ड जमा म्हणजे तांदूळ बंद. हे मला त्याच दिवशी समजलं होतं. इथे लिहायला तीन दिवस लागले.

रविवार, २६ जून

काल रात्री हिंदुस्थानने क्रिकेटचा कप जिंकला, सगळ्या मुलुंडने फटाके लावले. मी एकटाच तोंड पाडून बसलेला बघून सुगंधाला शंका आली. आज सकाळी भाजी निवडताना तिने छडा लावलाच. सगळं सांगितलं.

"अहो, पण असं कशाला लिहिलंत?"

मी बाबांचं सांगितलं. विद्याधर मास्तरांचं सांगितलं. म्हटलं, तो शेरा होता म्हणून आम्ही दोन वेळा जेवलो.

ती गवारीच्या शेंगा मोडत होती, ती थांबली. "मास्तर तो 'ब' कशाने काढायचे?"

"पेन्सिलीने."

"का?"

का ते मला माहीत होतं. तपासणीसाठी मोठे साहेब यायच्या आदल्या दिवशी मास्तर आणि मी रबर घेऊन बसायचो आणि सगळे 'ब' खोडायचो. साहेब गेले की पुन्हा काढायचो. एकोणीस वर्षं हे केलं आणि त्याचा अर्थ मला माझ्या बायकोने गवार मोडता मोडता सांगितला.

"तुम्ही टाइप केलंत," ती म्हणाली. "आणि थेट साहेबालाच पाठवलंत."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण, पण हात दुसऱ्याचा होता.

सोमवार, २७ जून

मॉनिकाबाईंपुढे पत्र ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मग माझ्या शेऱ्याची प्रत काढून वाचली. मला वाटलं ओरडतील. त्या नुसत्याच खुर्चीत मागे टेकल्या.

"मी पण सही केली ना," म्हणाल्या. "न वाचता. दोघं गाढवं आपण. चार दिवस दाबून ठेवलंस ते का?"

"भीती वाटली."

"कसली? नोकरी जायची?"

नोकरीची नव्हती. हलीमच्या तोंडाकडे बघायची भीती होती. तसं सांगितलं.

"मग आधी तेच करून ये. उद्या. बसने जा, आणि वाटेत शब्द शोधत बसू नकोस, तसे शब्द मिळत नसतात."

मंगळवार, २८ जून

गेलो. हलीम लेथवर होता. मशीन बंद करा म्हटलं, तर म्हणाला, बोला, हात चालू राहतो. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, शेरा, पत्र, कार्ड, आणि शुक्रवारी खोटं बोललो ते.

त्याने कामावरची नजर काढली नाही. मग विचारलं, "आपने अच्छे के लिए लिखा था?"

"हो."

"तो मैं ग़ुस्सा किस पे करूँ?"

एवढंच. शिव्या दिल्या असत्या, कॉलर धरली असती तर मी सुटलो असतो. त्याचा हात चालूच होता आणि मशीनवरचा तुकडा किती बारीक होत चाललाय हे त्याच्या ध्यानात नव्हतं. मालक आतून ओरडला, "हलीम, माल की वाट लगा दी!" दहा वर्षांत त्याने एक तुकडा फुकट घालवला नव्हता, असं मालकच मला म्हणाला. मी तिथून निघालो आणि घाटकोपरपर्यंत चालत गेलो.

शुक्रवार, १ जुलै

मॉनिकाबाईंनी ढाक्याच्या कचेरीला तार केली, चौकशी होईपर्यंत निदान कार्ड राहू द्या. उत्तर नाही. जिनिव्हाहून केलर नावाचे साहेब पंधरवड्यात येणार आहेत, त्यांना गाठायचं ठरलं.

गुरुवार, १४ जुलै

केलरसाहेब आले. उंच, सौम्य माणूस, ओल्या छत्रीचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. मी त्यांना पाऊण तास बदली समजावली. भातकापणी, जॉबर, तिकीट, बाबा, राजाराम. त्यांनी वहीत टिपून घेतलं. म्हणाले, "पद्धत चांगली आहे. पण आमच्या कागदावर एका माणसाला एकच नाव असतं. ती जुबैदा तरी आहे किंवा नाही तरी."

"ती मेहरुन्निसा आहे, जिवंत आहे आणि तिला बारा वर्षांची मुलगी आहे," मी म्हटलं. आवाज चढला माझा. बाईंनी टेबलाखालून पाय मारला.

साहेब म्हणाले, मेहरुन्निसा म्हणून तिला कुठल्याच वर्गात जागा नाही. रेल्वे बसत नाही. नवरा हिंदुस्थानात, तोही कोणत्याच देशाचा नागरिक नाही. नियम त्यांनी केलेले नाहीत, पाकिस्तान सरकारशी बोलून ठरलेत, तेवढेही मोठ्या मुश्किलीने. हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

निघताना कॉफीचा कप ठेवत सहज म्हणाले, कधी कधी कारकुनाच्या हातून चुकीचा शेरा पडतो. त्याने तसं लिहून दिलं, आणि नातेवाइकाने आपली स्वतःची पत्नी वारल्याचं प्रतिज्ञापत्र दोन साक्षीदारांनिशी दिलं, तर फाइल पुन्हा उघडावीच लागते. कलम अकरा.

मला राग आला. माझा शेरा अक्षर न् अक्षर खरा होता, आणि हा माणूस मला चुकीचा ठरवतो. शिवाय मेहरुन्निसाबाई जिवंत आहेत म्हणून आत्ताच कंठशोष करून सांगितलं, तर हे वारल्याचा कागद मागतात. लक्षच नव्हतं बहुतेक.

शुक्रवार, १५ जुलै

कालचं वरचं खोडावंसं वाटतंय, पण राहू दे.

बाई म्हणाल्या, "अरे बाबा, दार दाखवून गेला तो. अजून काय करायला पाहिजे होतं त्याने, हाताला धरून न्यायला?"

मी म्हटलं, म्हणजे त्याने खोटं लिहायला सांगितलं?

"त्याने कलम अकरा सांगितलं. बाकी तुझं तू."

बाई रोज सकाळी चर्चला जातात. मी विचारलं, तुम्ही साक्षीदार म्हणून सही कराल? त्या म्हणाल्या, "फादरला नंतर सांगेन. ते माझं मी बघते. तू हलीमला विचार. मरायचंय त्याच्या बायकोला, आपल्याला नाही."

शनिवार, १६ जुलै

हलीमला सांगितलं. तो पटकन समजला, माझ्यासारखा ठोंब्या नाही. मीच मूर्खासारखा धीर देत बसलो. म्हटलं, तुमच्यात दीर विधवा भावजयीशी निकाह लावू शकतो ना? मग कराचीला जाऊन लावा.

तो हसला, चांगला मोठ्याने. "अपनी ही बीवी से दूसरी बार?" मग हसू गेलं. "निकाह के लिए भी पहुँचना पड़ता है, बाबूजी. मेरे पास किस मुल्क का पासपोर्ट है?"

त्याने आठ दिवस मागितले. का ते मी विचारलं नाही.

शुक्रवार, २२ जुलै

हलीम सहाव्या दिवशीच आला. धुतलेला पांढरा सदरा, डोक्याला टोपी, नखांतलं तेल घासून काढलेलं. मॉनिकाबाईंनी खुर्ची दिली ती न घेता उभाच राहिला.

"लिखिए," म्हणाला.

आधी मी माझं लिहून दिलं. ३० मार्चच्या कैफियतीतील शेरा माझ्या गैरसमजुतीने पडला, निवेदकाने असे काहीही सांगितले नव्हते. एकोणीस वर्षांत मस्टरमध्ये माझ्या नावावर एकही चूक नाही. आज स्वतःच्या हाताने एक घातली.

मग त्याचं. मी, अब्दुल हलीम, शपथेवर सांगतो की माझी पत्नी मेहरुन्निसा ही मृत आहे. ठिकाण, छावणी. कारण, ताप. जुबैदा भावजयीला झाला होता तोच. तारखेपाशी मी थांबलो. कोणतीही चालेल म्हटलं.

"तीन फरवरी बहत्तर," तो लगेच म्हणाला. "उस दिन मैं ढाका निकला था. उसको आख़री बार उस दिन देखा. तारीख़ तो सच्ची रहे."

मुलीच्या रकान्यात 'निवेदकास अपत्य नाही' असं टाइप केलं. तो माझ्या मागे उभा राहून अक्षरं उमटताना बघत होता. इंग्रजी त्याला वाचता येत नाही, पण कुठे काय पडतंय हे त्याला माहीत होतं. त्याने सही केली, उर्दूत, सावकाश. मॉनिकाबाईंनी केली, मी केली. बाईंनी सही करून झाल्यावर छातीवर क्रूस काढला आणि चहा आणायला म्हणून आत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत.

शेऱ्याचा रकाना मी कोरा ठेवला. कोऱ्या रकान्यावर आडवी रेघ मारायची पद्धत आहे, मागाहून कोणी काही भरू नये म्हणून. मी रेघ मारली.

सोमवार, ८ ऑगस्ट

ढाक्याचं उत्तर आलं. कार्ड जूनअखेर जमा झालं होतं, आता परत दिलंय. हलीमचं प्रतिज्ञापत्र तिकडे जुबैदाबाईंना तारखेसकट वाचून दाखवलंय. मधले पाच आठवडे त्या मायलेकींनी काय खाल्लं ते पत्रात नाही. हलीमनेही विचारलं नाही. मला जेवण जात नाही, तर सुगंधा म्हणते, तुम्ही उपाशी राहून त्यांचं पोट भरणार आहे का? खरं आहे. तरी आज भात घेतला नाही.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

यादी आली. क्रमांक सत्त्याऐंशी, जुबैदा, हबीबची विधवा. क्रमांक अठ्ठ्याऐंशी, रुखसार. बसची वाट न बघता रिक्षाने साकीनाक्याला गेलो. हलीमने मशीन बंद केलं. आज पहिल्यांदा त्याने मला मिठी मारली, माझ्या सदऱ्याला तेलाचे दोन पंजे उमटलेत. सुगंधा म्हणते निघणार नाहीत.

शनिवार, १९ नोव्हेंबर

पोचल्या. कराचीच्या कचेरीकडून फक्त दोन नावं आणि तारीख. हलीमने गाळ्यात पेढे वाटले. कोणी विचारलं तर म्हणाला, भाभी और भतीजी.

मंगळवार, १७ जानेवारी १९८४

कराचीहून पहिला निरोप. हलीमने वाचून दाखवला आणि कागद माझ्याकडे दिला, जणू मला वाचता येणार होतं. मी बोटाने शब्द मोजले. पंचवीसला एक कमी.

मोहतरम देवरजी, आम्ही ख़ैरियत. रुखसारला शाळा मिळाली, तुमचा फोटो पुस्तकात ठेवते. तीन फेब्रुवारीला मेहरुन्निसाची बरसी. तिच्या नावाने फ़ातिहा पढून गोड वाटा. तुमची भाभी, जुबैदा.

मी म्हटलं, अहो हे वर्षश्राद्ध कसलं? पोचल्यात ना आता, आता कशाला?

"वहाँ भी ख़त लोग पढ़ते हैं," हलीम म्हणाला. मग माझ्या हातून कागद परत घेत, "और सही भी है. अब वो वहाँ जुबैदा ही है. मेहरुन्निसा का यहाँ मेरे सिवा कौन है?"

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

संपाला दोन वर्षं झाली. मिलमधून कामावर येण्याबद्दल पत्र आलंय, तिकीट नवीन, जुनी नोकरी धरणार नाहीत. मॉनिकाबाईंना सांगितलं, मी इथेच राहतो.

दुपारी हलीम डबा घेऊन आला. त्यांच्यात बरसी चांद्र तारखेने करतात असं मी ऐकलं होतं, तो म्हणाला, नाही, ही कागदावरची, म्हणून कागदावरच्याच तारखेला. सकाळी मशिदीत फ़ातिहा पढला, गल्लीत वाटलं. गाळ्यातले सगळे येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले, मालकाने अर्धा दिवस सुटी दिली. इतकी वर्षं त्याला बायको होती हे कोणाला ठाऊक नव्हतं, आज तिच्या जाण्याचं सगळ्यांना वाईट वाटलं. हे सांगताना तो रडला. खोटं नाही, खरंच रडला. मॉनिकाबाईंनी त्याला रुमाल दिला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून बसल्या.

डब्यात रव्याचा हलवा होता, वर बदामाचे काप. त्याने स्वतः केला होता. अर्धा आम्ही तिघांनी खाल्ला, उरलेला त्याने मला घरी न्यायला लावला.

सुगंधाने डबा उघडून वास घेतला. "हलवा? कोणाकडचा?"

"मेहरुन्निसाबाईंच्या बरसीचा."

तिने दोन बशा काढल्या, हलवा वाढला, एक माझ्यापुढे सरकवली. पहिला घास घ्यायच्या आधी थांबली.

"बऱ्या आहेत ना पण त्या?"

"बऱ्या आहेत," मी म्हटलं, आणि आम्ही दोघांनी खाल्ला.